घरचा ळ

देवास, २४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बापूंस,

शि. सा. न. वि. वि. ही पाच अक्षरे आईने सांगितली म्हणून लिहिली. अर्थ विचारला तर म्हणाली की तुझ्या आजोबांना ठाऊक आहे, तू लिही.

मुख्य बातमी तुम्हाला फोनवर कळलीच आहे. मयुरेशचे उज्जैनच्या गुंजनशी ठरले. लग्न २६ एप्रिलला, इथेच देवासला. धाकट्या भावाचे आधी ठरले म्हणून कॉलनीतल्या काकवा माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावे तशा बघतात. मी त्यांना पेढे देते आणि पुढच्या घरी जाते.

पत्राचे कारण वेगळे आहे. या वेळी नर्मदेची पत्रिका तुम्ही लिहिणार नाही, असे बाबा म्हणाले. आपल्या घरी लग्नाची पहिली पत्रिका नर्मदेला जाते, हाताने लिहिलेली, मोडीत, हे लहानपणापासून बघते आहे. ती तुमच्याशिवाय दुसरे कोणी लिहील असे कधी मनातच आले नव्हते. बाबांना मोडी येत नाही. मयुरेश तर साधी मराठीसुद्धा बोट ठेवून वाचतो. त्याने सुचवले की कंप्यूटरवर टाइप करून प्रिंट काढू, नदीला काय फरक पडतो. बाबा ताटावरून उठले. तेव्हा मी म्हटले की मी शिकते.

तर आता शिकवा. मी शाळेत मुलांना कंप्यूटर शिकवते, त्यामुळे विद्यार्थी किती मठ्ठ असू शकतो हे मला माहीत आहे. कित्त्याचा मोबाइलवर फोटो पाठवलात तरी चालेल.

लोभ आहेच. रागवायचे असेल तर तेही पोस्टाने चालेल.

तुमची
देवश्री

---

धार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. देवश्रीस बापूंचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मजकूर माझा, अक्षर तुझ्या विनोदिनीकाकूचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. जानेवारीत इंदूरला काढायचा आहे. तोवर ओळीवर ओळ चढते, म्हणून सूनबाईंना लेखनिक केले आहे.

फोटो मिळणार नाही. दोन बोटांनी ताणले की मोठे होणारे अक्षर गिरवता येत नाही. कित्ता कागदावर येईल आणि तुझा सरावही कागदावरच आला पाहिजे.

मोडी ही घाईची लिपी. दरबारात सांगणारा थांबत नसे, तेव्हा लिहिणाऱ्यालाही थांबता येत नसे. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. बोरू अडला की अक्षर चुकले असे समज आणि नवी रेघ ओढ.

पत्रिकेची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक असेल. माझे आजोबा धरमपुरीला कारकून होते. पुढे बदली धारला झाली आणि थोरल्या मुलीचे लग्न इथे निघाले. नर्मदा सोडून आल्याची त्यांना चुटपुट लागली होती, म्हणून त्यांनी तिला रीतसर आमंत्रण लिहिले आणि धरमपुरीच्या घाटावरून पाण्यात सोडले. नंतर माझ्या वडिलांनी लिहिली. १९६६ पासून मी लिहितो, आजवर एकोणीस झाल्या. आता एक्याऐंशी वर्षे झाली, पुरे.

पाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी पत्रिका सोडायची. तोवर तुझा हात बसला तर ठीक, नाही तर ही चाल माझ्याबरोबर संपली असे समजू. छापील कागद पाण्यात टाकायला मी धरमपुरीला जाणार नाही.

सोबतचा कित्ता माझ्या हातचा आहे. बाकी अक्षरे जमतील, ळ तुला रडवील. रेघेवरून खाली, डावा फेरा, तसाच उजवा फेरा, पुन्हा रेघेवर, सगळे एका दमात. छापील पुस्तकातला ळ पाहू नकोस, हा आपल्या घरचा आहे. पत्रिकेच्या मजकुरात तो सात ठिकाणी येतो. सातवा तुझ्या आजीच्या नावात, बकुळाबाईत आहे. ती जाऊन अकरा वर्षे झाली, पण तिचे नाव वाकडे गेलेले मला खपणार नाही.

अभ्यास कर, आणि माझ्यावरची माया पेन्सिलीने नको, शाईने कळव.

बापू

ता. क. हे माझे, काकूचे. बापूंनी कित्त्याला चार दिवस लावले आणि सहा कागद फाडले. मला मोडी कळत नाही, पण हा शेवटचा छान दिसतो आहे.

---

देवास, ४ जानेवारी २०२६

तीर्थरूप बापूंस देवश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार. (अर्थ शोधून काढला. आठ अंगे मोजलीसुद्धा.)

प्रगती कळवते. रेघ आता सरळ जाते. क, म, स बसले. काना खालून वर रेघेपर्यंत न्यायचा, हे हाताला पटायला आठवडा गेला. शाळेत रिकाम्या तासाला मी स्टाफरूममध्ये बोरू काढून बसते. एका बाईंनी हळूच विचारले की हे लग्न जमण्यासाठी आहे का. मयुरेश म्हणतो की ताई, हे अक्षर नाही, मुंग्यांचे जुलूस आहे. त्याला सांगितले की याच मिरवणुकीत तुझे नाव आहे, नीट वाग.

ळ ने खरोखर रडवले. फेरे लवकर आले, पण तुमच्या डाव्या फेऱ्यात खाली जी बारीक गाठ आहे आणि उजव्या फेऱ्यावर ज्या दोन लहान लाटा आहेत, त्या काही येईनात. हात न उचलता गाठ कशी पडते? आधी मनगट वळवून पाहिले, मग बोरू फिरवून पाहिला. पंधरा दिवसांनी युक्ती सापडली. श्वास रोखायचा आणि वळणावर बोरू जरासा थरथरवायचा, की तुमच्यासारखाच ळ उतरतो. आता मला झोपेतही जमेल.

सोबत चाळीस ळ पाठवते आहे. ऑपरेशन झाले की नव्या डोळ्यांनी पाहा. काकूला नमस्कार. इंदूरला मी यायचे का ते सांगा, रजा मिळते.

शाबासकी असावी, निदान अर्धी.

देवश्री

---

धार, २५ जानेवारी २०२६

चि. देवश्रीस आशीर्वाद.

एका डोळ्याचे काम झाले, दुसऱ्याचे महिन्याने. आता समोरच्या घराचे पत्रे मोजता येतात आणि विनोदिनी भाजीत कोथिंबीर कमी घालते हेही दिसते. डॉक्टर महिनाभर लिहू-वाचू नको म्हणाले, म्हणून हेही पत्र तिच्याच हातचे. तुझा कागद मात्र मी चोरून पाहिला.

बाकी अक्षरे चांगली आहेत. मला वाटले होते त्यापेक्षा बरीच चांगली. पण बाई, ळ ला ही थंडी कुठून वाजली? फेऱ्यात गाठ, वर लाटा! चाळीसच्या चाळीस तसेच. एखाद दुसरा चुकला असता तर मी समजू शकलो असतो. तू तर ठरवून चुकलीस. हे मोबाइलवरच्या कुठल्या क्लासात शिकलीस का? आपल्या घरचा ळ गुळगुळीत असतो, त्यात बोट अडकत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात आले कुठून, एवढेच मला कळव.

पाडव्याला आठ आठवडे राहिले. ळ पुन्हा पहिल्यापासून घे. कित्ता तुझ्यापाशी आहेच, तो नीट बघ.

राग पत्रापुरता आहे, बाकी सगळे पूर्वीसारखे.

बापू

---

देवास, ३० जानेवारी २०२६

तीर्थरूप बापूंस साष्टांग नमस्कार.

मी कुठल्याही क्लासात गेले नाही. दोन महिने रोज सकाळी साडेपाचला उठून तुमचाच कित्ता गिरवला. तुम्ही ठरवून चुकलीस म्हटले, त्याचे मला फार वाईट वाटले. आई म्हणाली की जाऊ दे, म्हातारे आहेत. मी म्हटले, म्हातारे आहेत, पण खोटे बोलणारे नाहीत, तेव्हा काहीतरी गडबड आहे.

म्हणून पुरावा पाठवते. तुमचा कित्ता परत पाठवला आहे आणि त्याबरोबर बटर पेपरवर काढलेला माझा ळ. एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या काचेला लावा. गाठीवर गाठ बसते, लाटेवर लाट. केसाचाही फरक नाही. आडात होते तेच पोहऱ्यात आले, बापू.

आता सांगा, यातला कोणता खरा?

नमस्कार पूर्ण आहे, बाकी जरा रुसून आहे.

देवश्री

---

धार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. देवश्रीस विनोदिनीकाकूचे आशीर्वाद, आणि एक गोष्ट लपवली म्हणून माफीही.

हे पत्र बापूंनी सांगितलेले नाही. त्यांना माहीतही नाही.

तुझे पाकीट मंगळवारी आले. तू लिहिले होतेस तसे त्यांनी दोन्ही कागद खिडकीला लावले. बराच वेळ उभे होते. मी पोहे घेऊन गेले तर म्हणाले की ठेव. मग टेबलाशी बसले, बोरू घेतला आणि कोऱ्या कागदावर एक ळ काढला. या वेळी त्यांना नीट दिसत होते. तो कागद त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि पोहे तसेच राहिले.

त्यांचा उजवा हात दिवाळीपासून कापतो. कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत, वाढेल पण हळूहळू वाढेल, असे डॉक्टर म्हणाले. कोणाला सांगायचे नाही, लग्नघरात तर मुळीच नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. चहा सांडतो, बटण लागत नाही, हे त्यांना कळत होते. पण बोरू हातात आला की हात स्थिर होतो, अशी त्यांची खात्री होती. डोळ्यांना दिसत नव्हते आणि मला मोडी येत नाही. मला वाटले की मोडीत ळ असाच असेल. आम्ही दोघांनी मिळून तुला त्यांचा आजार गिरवायला दिला, पोरी.

तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले की देवश्रीला कळव, पत्रिका राहू दे, मजकूर छापून घ्या. मी विचारले की जुनी एखादी नसेल का, चांगल्या हाताची, तिच्यावरून शिकेल. तर म्हणाले की एकोणीसच्या एकोणीस नर्मदेत गेल्या. त्यांच्या वडिलांचे कागद संस्थान गेले तेव्हा सरकारजमा झाले. मोडी त्यांनी दुसरीकडे कुठे लिहिलीच नाही. त्यांचा चांगला ळ आज कुठेच नाही, कागदावर एकही नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. मलाच रडू आले.

छापायचे कळवायला सांगितले होते, ते कळवले. पुढे काय ते तू ठरव. तू हट्टी आहेस, हे आजवर मला बरे वाटत नव्हते.

माया कमी करू नकोस.

काकू

---

देवास, १४ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बापूंस देवश्रीचा नमस्कार.

काकूचे पत्र आले. तिच्यावर रागावू नका, तिने शपथ मोडली ती माझ्यासाठी.

मला रडू आले ते आधी सांगते. तुमच्या हातासाठी आलेच. शिवाय मी युक्ती सापडली म्हणून नाचले होते, त्या थरथरीला मी ऐट समजत होते, त्याचीही लाज वाटली. आईला सांगितले, बाबांनाही सांगितले. बाबा उद्या रविवारी हे पत्र घेऊन धारला येत आहेत. नको म्हणू नका, ते तिकिटाशिवाय येत आहेत, स्कूटरवर.

छापील पत्रिका मला नको. पुस्तकातला ळ मी पाहिला. तो दुकानातल्या पुतळ्यासारखा उभा आहे, त्याच्यामागून हात धावत नाही. तुमचा चांगला ळ कागदावर नसेल, पण तुम्हाला आठवतो ना? हात नाही, तोंड तर आहे. (तोंड कसे आहे ते मी दर सुट्टीत ऐकले आहे.) मला ळ सांगा. काकू लिहून घेईल. तुम्ही सांगाल तसा मी काढीन आणि पाठवीन, तुम्ही चूक सांगा. नव्या डोळ्याला तेवढे काम हवेच.

पाडव्याला तेहेतीस दिवस आहेत.

तुमच्यावर फार जीव आहे, आणि हे शाईने लिहिले आहे.

देवश्री

---

धार, २० फेब्रुवारी २०२६

चि. देवश्रीस उत्तम आशीर्वाद.

तुझा बाप आला होता. स्कूटरवर शंभरेक किलोमीटर येऊन पाठीला हात लावून बसला. जाताना त्याने माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावले. मी लावू दिले.

आता ळ. जन्मात कधी तोंडाने सांगितला नव्हता, आणि विनोदिनी म्हणते की तीन वेळा मी वेगवेगळे सांगितले. हे चौथे.

बोरू रेघेवर टेकव, पण दाबू नकोस. खाली ये, जितकी खाली क मध्ये येतेस त्याच्या निम्मी. मग डावीकडे वळ. नाव किनारा सोडताना आधी मागे सरते आणि मग वळते ना, तसे. फेरा बंद करू नकोस, बंद होण्याच्या आत उजवीकडे नीघ. इथेच सगळे अडतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबावेसे वाटते, कारण एक काम झाल्यासारखे वाटते. थांबायचे नाही. उजवा फेरा डाव्याहून लहान. तिथून वर जाताना मनात पुढचे अक्षर असू दे. ळ कडे बघत बसलीस तर ळ बिघडतो.

श्वास रोखू नकोस. वडील सांगत की लिहिताना बोलता आले पाहिजे. ते ळ काढता काढता आईला भाजीत मीठ कमी आहे म्हणत.

माझा कित्ता मी फाडून टाकला. तुझा बटर पेपरही. तो पाहून तुझा हात पुन्हा तिकडे जाईल.

दर आठवड्याला पाठव. मी निर्दय आहे, हे लक्षात असू दे.

बापू

---

देवास, १५ मार्च २०२६

तीर्थरूप बापूंस साष्टांग नमस्कार.

गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही माझे दोनशे अकरा ळ नापास केले आणि चार पास केले. त्या चारांच्या जोरावर काल पत्रिका लिहायला बसले. पहिल्या तीन वाया गेल्या, एक तर अगदी शेवटच्या ओळीत. चौथीच्या वेळी आईला हाक मारून समोर बसवले आणि लिहिता लिहिता तिच्याशी मंगल कार्यालयाच्या आचाऱ्यावरून भांडत राहिले. थरथर आली नाही. आजीचे नाव कधी येऊन गेले ते कळलेसुद्धा नाही.

पत्रिका मयुरेशबरोबर पाठवते. मला पाडव्याला शाळेतून सुटी नाही, परीक्षा आहेत. प्रत ठेवलेली नाही आणि फोटोही काढला नाही. ती नर्मदेची आहे.

उघडून बघा. पसंत नसेल तर सोडू नका. मला खरेच वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण सोसेन.)

तुमच्या होकाराची वाट बघते.

देवश्री

---

धार, २१ मार्च २०२६

चि. देवश्रीस बापूंचे अनेक आशीर्वाद.

धरमपुरीला जाऊन आलो. मी, विनोदिनी आणि मयुरेश. घाटावर पाडव्याची गर्दी होती, म्हणून कडेच्या पायऱ्यांवर बसलो. पत्रिका घरी उघडली नव्हती. नापास झाली तर काय करायचे हे मला सुचत नव्हते, म्हणून घाटापर्यंत तशीच नेली.

तिथे वाचली. दोनदा वाचली. सात ळ आहेत. एकही अडलेला नाही. पण तो माझा ळ नाही. माझ्या वडिलांचाही नाही. तुझा उजवा फेरा डाव्याहून मोठा आहे आणि वर जाताना तू किंचित घाई करतेस. मी सांगितले तसे तू काढले नाहीस. आधी चूक म्हणणार होतो. मग बकुळाबाई हे नाव वाचले आणि म्हटले की हिला हे आवडले असते. घरचा ळ आता असा आहे.

ती पत्रिका माझ्याने पाण्यात सोडवेना. मयुरेश म्हणाला की बापू, सोडा ना, नाववाला भिया नाव घेऊन थांबलाय. मी म्हटले थांबू दे. एकोणीस वेळा मी चांगला कागद लिहून पाण्यात सोडला आणि तुला शिकवायची वेळ आली तेव्हा घरात एक ओळ सापडली नाही. रीत पाळली, पण शहाणपण केले नाही.

पण नर्मदेला आमंत्रण तर पाहिजे. म्हणून विनोदिनीकडून कोरा कागद घेतला आणि तिथेच पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत लिहिले. हात फार कापत होता. नाववाला बघत होता, मयुरेश बघत होता, विनोदिनीने कागद धरून ठेवला होता. नातवाचे लग्न आहे, यावे, एवढेच लिहिले. गाठी पडल्या, लाटा आल्या, रेघ सोडून अक्षर खाली घसरले. ते सोडले. साठ वर्षे ती माझे अक्षर ओळखते, हेही वाचील.

तुझी पत्रिका मयुरेशबरोबर परत पाठवतो आहे. ती काचेत घालून भिंतीला टांगू नकोस. पेटीत ठेव. उद्या तुझ्याकडे कोणी शिकायला आले तर गिरवायला दे. माझ्याकडे द्यायला काही उरले नव्हते, तुझ्याकडे आहे.

लग्नाला आठ दिवस आधी येतो. मांडवात माझा चहा सांडला तर कोणी दोन्हीकडून फडकी घेऊन धावू नये, एवढे सर्वांना सांगून ठेव.

मजकूर विनोदिनीने लिहिला. खालची सही माझ्या हातची आहे, आणि ती कोणी गिरवू नये.

बापू